कौंडिण्याचे ताक आणि खिडकीची फुली

२००४ साली आमच्यापैकी एकजण एका संस्थेत म्हणींची सूची करण्याच्या कामावर होता. तालुक्यातील वृद्ध स्त्रियांना संस्थेत बोलवायचे, त्या सांगतील ती म्हण संगणकावर टंकायची, खालच्या चौकटीत त्यांनी सांगितलेला अर्थ, त्याखाली गाव, आणि शेवटी 'ओके'चे बटण दाबायचे, असा तो उपक्रम. नोंदींचा प्रोग्रॅम संस्थेने कुणाकडून तरी करून घेतला होता. म्हण टंकून झाली की पुढच्या चौकटीत जाण्यासाठी बोट सवयीने एंटरवर पडे आणि एंटर दाबताक्षणी ती सारी खिडकीच नाहीशी होई. नोंद पुसली गेली म्हणावे तर तसेही नव्हे. म्हण जतन झालेली असे आणि अर्थाचा रकाना रिकामा. सांगणारी बाई तोवर पुढच्या म्हणीवर गेलेली असायची. तिला थांबवून मागे आणणे दर वेळी जमत नसे.

प्रोग्रॅमरने एंटरची आज्ञा चुकीची लिहिली असणार, अशी आमची समजूत होती. पुढे मूळ प्रोग्रॅमचा मजकूर हाती आला तेव्हा कळले की त्याने एंटरविषयी एक अक्षरही लिहिलेले नव्हते. न लिहिलेल्या जागी जे आपोआप घडते ते घडत होते. संहितेतील मौनाचे अर्थ लावण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. पण इथले मौन दुसऱ्याच कुणाच्या शब्दांनी भरलेले होते. ते शब्द कोणाचे, ते बाजूला सारण्याचा अधिकार प्रोग्रॅमरला कसा मिळाला आणि तो बजावताना हातून काय सुटते, हा इतिहास आम्हाला तेव्हापासून खुणावतो आहे. आमच्यापैकी दुसरा एम.ए.ला येण्याआधी दोन वर्षे विंडोजचे प्रोग्रॅमिंग शिकला होता. प्रस्तुत लेख त्या तुटपुंज्या शिदोरीवर उभा आहे, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

संगणकाच्या पडद्यावर जी खिडकी दिसते तिची किनार, तिचे शीर्षक, ती ओढून हलवता येणे, कोपरा धरून मोठी करता येणे, यांतले सहसा काहीच त्या प्रोग्रॅमच्या कर्त्याने लिहिलेले नसते. ते आधीच लिहून ठेवलेले असते आणि त्या पूर्वलिखित भागाला फ्रेमवर्क म्हणतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंग, नामजप, उत्तररंग हा क्रम बुवांनी ठरवलेला नसतो. बुवा त्या क्रमात उभे राहतात आणि आपल्या वाट्याची जागा भरतात. इथेही तसेच. प्रोग्रॅमर फ्रेमवर्कला बोलावतो त्याहून अधिक वेळा फ्रेमवर्कच प्रोग्रॅमरच्या मजकुराला बोलावते. चाचणीला आलेल्या नटाला निर्माता सांगतो, 'तुम्ही फोन करू नका, गरज पडली तर आम्हीच करू'. यावरून या पद्धतीला प्रोग्रॅमर मंडळी गमतीने 'हॉलिवूडचे तत्त्व' म्हणतात. नट काहीच बोलला नाही तर प्रयोग थांबत नाही. त्याच्या जागी फ्रेमवर्क स्वतःचे ठरलेले वाक्य म्हणते. हेच मूळ वर्तन, प्रोग्रॅमरांच्या भाषेत 'डिफॉल्ट'. ते दूर सारून आपले वाक्य म्हणणे म्हणजे 'ओव्हरराइड'. आपल्या व्याकरणपरंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे : बाध. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाचा बाध करतो. यापुढे आम्ही हाच शब्द वापरणार आहोत.

मायक्रोसॉफ्टचे विंडोज १९८५च्या नोव्हेंबरात बाजारात आले. त्यातील योजना अशी : खिडकीवर जे जे घडते (कळ दाबली, उंदीर हलला, खिडकी झाकली गेली, उघडी पडली) त्या प्रत्येकाचा एक संदेश त्या खिडकीच्या नावे येतो. तो स्वीकारणारा मजकूर प्रोग्रॅमरने लिहायचा. संदेश शेकड्यांनी असतात. सगळ्यांना उत्तरे कोण देणार? म्हणून ज्यांत रस आहे तेवढे घ्यायचे आणि उरलेले सारे 'डिफविंडोप्रॉक' नावाच्या एका कार्याकडे सोपवून द्यायचे. उत्सर्ग राहतो तो तिथे. सोपवण्याची ती शेवटची ओळ लिहायला कुणी विसरला, तर खिडकी नुसती बिघडत नाही, ती जन्मालाच येत नाही. कारण जन्माच्या वेळी येणाऱ्या एका संदेशाला होकार देणेही त्या मूळ कार्याकडेच असते.

आता खिडकी बंद करण्याचा साधा प्रसंग घेऊ. बंद करण्याची खूण झाली की 'क्लोज'चा संदेश येतो. प्रोग्रॅमरने त्याला उत्तर दिले नाही, तर डिफविंडोप्रॉक खिडकी नष्ट करते. विचारत नाही, थांबत नाही. आत अर्धे लिहिलेले पत्र आहे की अर्धी कादंबरी, याचे तिला सोयरसुतक नाही. 'बदल जतन करायचे का?' हा जो प्रश्न आपण हजारदा वाचला आहे, तो विचारणारा प्रत्येक प्रोग्रॅम या उत्सर्गाचा बाध करीत असतो. गंमत अशी की खिडकी नष्ट झाली तरी प्रोग्रॅम संपत नाही. तो संपवण्याची आज्ञा प्रोग्रॅमरने वेगळी द्यायची असते. ती दिली नाही तर पडद्यावर काही नाही आणि यंत्राच्या पोटात प्रोग्रॅम चालूच, असा पिशाच्चवत प्रकार होतो. नवशिक्या प्रोग्रॅमरच्या यंत्रात अशी दहाबारा पिशाच्चे सहज सापडत.

बाध केल्यावर मूळ वर्तनाचे काय करायचे, या प्रश्नाशी आपण इथे येतो. 'जतन करायचे का?' असे विचारले, वापरणाऱ्याने 'नको' म्हटले. आता खिडकी तर बंद व्हायला हवी. म्हणजे आपले बोलून झाल्यावर मूळ कार्यालाही बोलवायचे. वापरणाऱ्याने 'थांबा' म्हटले, तर बोलवायचे नाही.

पतंजलीच्या महाभाष्यातील तक्रकौंडिण्यन्याय इथे आठवल्यावाचून राहत नाही. ब्राह्मणांना दही वाढावे, कौंडिण्याला ताक, असे यजमान सांगतो. कौंडिण्य ब्राह्मणच आहे. मग त्याने दहीही घ्यावे आणि ताकही घ्यावे, याला अडचण कोणती? पानात दोन्ही मावतात. तरीही लोकव्यवहारात अर्थ असाच घेतला जातो की त्याला ताकच मिळेल, दही नाही. दोन्ही शक्य असतानाही विशेष सामान्याला हटवतो, हा त्यातला मुद्दा. अठराव्या शतकात काशीला राहून परिभाषेंदुशेखर लिहिणाऱ्या नागेशभट्ट काळे यांनी या बाधविचाराची बारकाईने उलटतपासणी केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्नने तो ग्रंथ इंग्रजीत नेला, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे महाभाष्य मराठीतून वाचता येते. व्याकरणकारांनी निर्णय दिला : एरवी अपवादाला स्वतःचे क्षेत्रच उरणार नाही, म्हणून तो बलवान. प्रोग्रॅमरांच्या जगात मात्र कौंडिण्याचा खटला गेली सहा दशके चालूच आहे.

त्याची पहिली सुनावणी ओस्लोत झाली. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड या दोघांनी नॉर्वेच्या संगणन केंद्रात घडवलेली 'सिम्युला ६७' ही भाषा म्हणजे वर्ग आणि उपवर्ग या कल्पनेचे माहेर. मूळ वर्गातील एखादे कार्य उपवर्गाने आपल्या परीने नव्याने लिहावे, ही सोय तिथे होती. पण तिच्या शेजारीच 'इनर' नावाचा एक शब्दही होता. मूळ वर्ग आपला मजकूर सांगत असता मध्येच 'इनर' म्हणतो. त्या जागी उपवर्गाने आपले म्हणायचे, आणि ते संपले की पुन्हा मूळ वर्ग बोलू लागतो. भजनात मुख्य गायक मध्ये जागा सोडतो आणि टाळकरी ती भरतात, तसे काहीसे.

अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग यांच्या मेळ्यात वाढलेल्या स्मॉलटॉक भाषेने याच्या उलट रीत स्वीकारली. तिथे उपवर्गच आधी बोलतो. वाटले तर तो 'सुपर' म्हणून वाडवडिलांना बोलवील, न वाटल्यास नाही. आज ज्या भाषांत बहुतेक प्रोग्रॅम लिहिले जातात त्या सगळ्या या दुसऱ्या रीतीच्या वारस आहेत. नीगार्ड आणि त्यांच्या डॅनिश-नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून घडवलेली 'बीटा' ही भाषा मात्र 'इनर'ला चिकटून राहिली, किंबहुना तिने त्या शब्दाला सगळ्या कार्यांवर राज्य दिले. तिथे पूर्वजाला गप्प करताच येत नाही, त्याने मोकळ्या ठेवलेल्या जागीच भर घालता येते. बीटा फार पसरली नाही. आम्हाला व्यक्तिशः तिच्याविषयी ममत्व वाटते. पण पूर्वजाने जागाच ठेवली नसेल तर वंशजाने काय करावे, याला तिच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. आणि पडद्यावरच्या खिडक्यांच्या धंद्यात पूर्वज सगळ्या जागांचा विचार करून ठेवील हे संभवतच नाही. दाल आणि नीगार्ड यांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी, २००२च्या उन्हाळ्यात, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने वारले.

स्मॉलटॉकच्या रीतीने एक जबाबदारी प्रोग्रॅमरच्या गळ्यात कायमची घातली. बाध करताना मूळ कार्याला बोलवायचे की नाही, आधी बोलवायचे की नंतर, हे ठरवायचे त्याने. पण मूळ कार्य आत नेमके काय करते, हे त्याला दिसतेच असे नाही. १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या संदेशयंत्रणेवर सी प्लस प्लस भाषेचा साज चढवून 'एमएफसी' हे फ्रेमवर्क दिले. एखाद्या संदेशाचे उत्तर लिहायला घेतले की त्याचे साधन आपणहून एक सांगाडा लिहून देई आणि त्यात प्रोग्रॅमरसाठी एक टीप असे. तिचा आशय असा : इथे आपला मजकूर घाला आणि/किंवा मूळ वर्तनाला बोलवा. या 'आणि/किंवा'त सगळा कौंडिण्य आला. दही आणि/किंवा ताक. जेवणाऱ्याने आपापले बघावे. चित्र काढण्याच्या संदेशापाशी मात्र तीच यंत्रणा बजावून सांगे की मूळ कार्याला बोलवू नका. म्हणजे कुठे आणि, कुठे किंवा, हे जाणणारे कुणीतरी होते. फक्त ते ज्ञान सगळीकडे लिहून ठेवलेले नव्हते.

खिडकीची फुली दाबल्यावर काय व्हावे, याविषयी निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळे उत्सर्ग ठरवले. जावा भाषेच्या १९९६मधील पहिल्या आवृत्तीत फुली दाबली तर काहीच होत नसे. खिडकी ढिम्म. बंद व्हायची तर तसे लिहा. १९९८च्या 'स्विंग'मध्ये खिडकी नुसती लपू लागली, प्रोग्रॅम मागे चालूच. मॅकिंटॉशवर शेवटची खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम जिवंत राहतो, ही तिथली जुनी चाल. १९९४मध्ये ओस्लोतच स्थापन झालेल्या ट्रोलटेकच्या 'क्यूटी'त शेवटच्या खिडकीबरोबर प्रोग्रॅमही आवरता घेतला जातो. 'हे योग्य आणि ते अयोग्य' असा निवाडा इथे आम्ही करणार नाही. पण जावाचा पहिला, काहीच न करणारा उत्सर्ग आम्हाला भाबडा वाटतो : प्रोग्रॅमरला पूर्ण मोकळीक द्यायची म्हणून त्याच्या डोक्यावर सगळेच ओझे टाकलेले.

स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट काढली. मूळ खिडकीचा बाध करण्यासाठी तिचा वंशज निर्माण करण्याचे कारण नाही. खिडकीला एक प्रतिनिधी नेमून द्यायचा. मोक्याच्या जागी खिडकी त्या प्रतिनिधीला विचारते : बंद होऊ का? तो हो किंवा नाही म्हणतो, बाकीचे सारे खिडकीच पाहते. प्रतिनिधीला पूर्वजाचे पोट फाडून आत शिरावे लागत नाही आणि काही मोडण्याची त्याला संधीही कमी. पूर्वजाने मोकळ्या ठेवलेल्या जागीच इतरांनी बोलायचे, हा ओस्लोचा विचार इथे दुसऱ्या वेषात परत आलेला दिसतो. आजच्या मॅकमधील प्रोग्रॅम याच रीतीने लिहिले जात आले आहेत.

शुद्धलेखन शिकवणाऱ्यांना रुचेल असा एक उपकथाभाग सांगून पुढे जाऊ. सी प्लस प्लसमध्ये बाध करायचा तर वंशजाने कार्याचे नाव आणि स्वरूप पूर्वजाच्या कार्याशी तंतोतंत जुळवावे लागे. एका अक्षराची चूक झाली तर यंत्र तक्रार करीत नसे. ते समजे की हे एक नवेच कार्य आहे. पूर्वजाचे वर्तन निर्वेधपणे चालू राही, आणि आपण बाध केला या समजुतीत प्रोग्रॅमर रात्र जागवी. 'दिन' लिहायला जावे, 'दीन' लिहिले जावे आणि दोन्ही शब्द भाषेत असल्यामुळे तपासनिसाला काहीच खटकू नये, तशी ही चूक. सी शार्प भाषेने २००२पासून बाधाची उघड घोषणा सक्तीची केली. जावाने २००४मध्ये आणि सी प्लस प्लसने २०११मध्ये ती ऐच्छिक स्वरूपात स्वीकारली. 'मी इथे पूर्वजाला बाजूला सारीत आहे' असे लिहूनच पुढे जायचे. खाली पूर्वज सापडला नाही तर यंत्र अडवते.

दरम्यान बाधाचा अधिकारही आकुंचला. संगणक बंद होताना प्रत्येक खिडकीला 'चालेल का?' असे विचारले जाते. उत्तर न लिहिल्यास मूळ कार्य होकार देते. नकार देणारे प्रोग्रॅम वाढले. व्हिस्टापासून (२००७) विंडोज अशा अडवणाऱ्यांची यादीच पडद्यावर मांडून वापरणाऱ्याला विचारू लागले की यांना न जुमानता पुढे जायचे का. अपवादावर पुन्हा उत्सर्गाची कुरघोडी. ॲपलने २०११च्या 'लायन' आवृत्तीत तर प्रश्नाचे मूळच उपटले : लिहिलेले आपोआप जतन होत राहील, अशी सोय फ्रेमवर्कमध्येच आली. 'बदल जतन करायचे का?' हा सर्वांत अधिक वेळा लिहिला गेलेला बाध त्या सोयीच्या प्रोग्रॅमांपुरता निरुपयोगी झाला. पुष्कळांनी पुष्कळदा केलेला अपवाद उत्सर्गात मुरतो, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही.

असो. संस्थेतल्या त्या प्रोग्रॅमकडे परत येऊ. तो एमएफसीत लिहिलेला होता. या फ्रेमवर्कमधील संवादखिडकीचा उत्सर्ग असा की एंटर म्हणजे 'ओके', आणि 'ओके' म्हणजे भरले असेल तेवढे उचलून खिडकी मिटणे. ओकेचे बटण काढून टाकले तरी एंटरचा अर्थ तोच राहतो. आम्ही ओकेच्या कार्याचा बाध केला : रिकामे कार्य लिहिले, मूळ कार्याला बोलावले नाही. एंटर शांत झाला. आणि ओकेचे बटणही मेले, कारण दोघांचा रस्ता एकच होता. मग 'जतन करा' असे वेगळे बटण वेगळ्या ओळखीने करावे लागले. त्यानंतर आठवड्याने एस्केप कळीचा शोध लागला. ती खिडकी मिटे आणि काहीच जतन करीत नसे.

पण मोठा फटका दुसरीकडे बसला. सूची आरंभी जुन्या पद्धतीच्या फाँटात होती. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधीच टंकली जाई. २००८च्या सुमारास सारे युनिकोडमध्ये नेले गेले. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते. ती उचलून आधी मांडणे, जोडाक्षरे जुळवणे हे काम चित्र काढणाऱ्या यंत्रणेचे. विंडोज २०००पासून साध्या मजकूरचौकटीत हे उत्सर्गानेच होते, प्रोग्रॅमरने काही न लिहिता. संस्थेच्या प्रोग्रॅममधील यादी मात्र साधी नव्हती. शोधलेला शब्द लाल दिसावा म्हणून मूळ प्रोग्रॅमरने चित्र काढण्याच्या कार्याचा बाध करून प्रत्येक अक्षर सुटे, एकेक करून रंगवले होते. इंग्रजीसारख्या एकापुढे एक ठेवायच्या अक्षरांना ते चालते. आमच्या यादीत 'म्हण' हा शब्दच फुटला : म, मग ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला हलन्त, मग ह, मग ण. 'किती'तल्या दोन्ही वेलांट्या आपापल्या ठिपक्यांच्या वर्तुळाला बिलगून बसल्या. लाल रंगाच्या हौसेपायी, देवनागरी जुळवणारे जे काम फुकट मिळत होते तेही त्या प्रोग्रॅमरने नकळत नाकारले होते. त्याने ज्याचा बाध केला त्यात काय काय होते, याची यादी त्याच्यापुढे कुणी ठेवली नव्हती. आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला याच खिडकीपाशी दुसरा अनुभव आला. पडदा वाचून दाखवणारे तिचे साधन त्या यादीपाशी मुके होई, कारण हाताने रंगवलेल्या त्या अक्षरांत यंत्राच्या दृष्टीने मजकूर नव्हताच, नुसते चित्र होते.

दुरुस्ती लहान निघाली. अक्षरे रंगवणे सोडून दिले. शब्दामागे आधी फिकट लाल पट्टी ओढायची आणि मग पूर्ण ओळ मूळ यंत्रणेकडून लिहून घ्यायची. क्रम चुकला तर पट्टी अक्षरांवर बसते, तो आम्ही दोनदा चुकलो. वाचून दाखवणाऱ्या साधनासाठी यादीच साध्या प्रकारची करून घेतली.

एंटरने खाल्लेले अर्थ मात्र परत आले नाहीत. सूचीत आजही अर्थाचा रकाना कोरा असलेल्या म्हणी आहेत. आमच्या वहीत गावांची आणि सांगणाऱ्या बायकांची नावे आहेत. २०१० साली आम्ही त्यांतल्या तीन गावांना जाऊन आलो. एका घरी म्हण वाचून दाखवली तेव्हा सून म्हणाली, आई हे नेहमी म्हणायच्या, पण कशावरून ते कधी विचारलं नाही.